गायकवाडबाई आणि त्यांचा घरजावई

गायकवाडबाईंसमोर "आज फार उकडतंय" असं म्हणायची सोय नव्हती. त्या लगेच विचारायच्या, "मोजलंत का?" त्यात खवचटपणा नसायचा. त्यांना खरोखरच आकडा हवा असायचा. आमच्या शिक्षकखोलीच्या खिडकीला त्यांनी स्वतःच्या हातानं एक थर्मामीटर टांगला होता, त्यामुळे "कसं मोजणार?" असं म्हणून सुटताही येत नसे. मी मराठीचा शिक्षक. कडाक्याची थंडी, रणरणतं ऊन, मुसळधार पाऊस ह्यांच्यावर माझं पोट. बाई आल्यापासून माझे निबंधाचे तास सुरळीत झाले नाहीत. आठवीतल्या एका मुलीनं 'उन्हाळ्यातील एक दुपार' ह्या निबंधाची सुरुवात "खिडकीजवळ छत्तीस अंश, व्हरांड्यात अडतीस" अशी केली होती, आणि बाईंनी तो निबंध माझ्या हातातून घेऊन सगळ्यांना वाचून दाखवला होता.

आमची शाळा हिर्डोशीला, म्हणजे भोरहून वरंध्याच्या घाटाकडं जाताना लागते तिथं. बाई मूळच्या वरवे बुद्रुकच्या, लग्नानंतर भोरला आलेल्या. नवरा पोस्टात. शाळेत त्या गणित आणि विज्ञान शिकवत. रोज सकाळी भोरच्या स्टँडवर आम्ही एकाच एसटीची वाट पाहायचो, आणि गाडी वळणावर दिसली की बाई पर्समधून एक छोटी वही काढून त्यात वेळ लिहायच्या. सेकंदासकट. एक दिवस ड्रायव्हरनं ते पाहिलं.

"काय लिवताय बाई रोज?"

"तुमचा उशीर. आज अकरा मिनिटं वीस सेकंद."

"आवो, डेपोतनं येतोय म्या. रस्ता कसाय बगितला का? चंद्रावरनं येत न्हाई."

"चंद्रावरून आला असतात तर वेळेवर आला असता," बाई म्हणाल्या आणि तिकीट काढून बसल्या.

आठवड्यातून दोनदा बाई मुक्कामाला हिर्डोशीतच राहायच्या. बबन पारठे नावाच्या शेतकऱ्यानं गावाच्या कडेला दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं होतं, त्यातली वरची खोली आणि गच्ची बाईंनी भाड्यानं घेतली होती. नवरा-घर भोरला असताना बाईमाणसाला इथं खोली कशाला, ह्यावर गावात बरंच संशोधन झालं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सोमवारी बाई एसटीत एक भलीमोठी नळी घेऊन चढल्या. नळीला गोधडी गुंडाळलेली होती आणि गोधडीला सुतळी बांधलेली. कंडक्टरनं विचारलं, "आत काय?" बाई म्हणाल्या, "दुर्बीण." कंडक्टर म्हणाला, "मग अर्धं तिकीट पडंल." बाईंनी दिलं. त्या नळीला त्यांनी खिडकीजवळची जागा दिली आणि स्वतः अख्खा रस्ता उभ्या राहिल्या.

दुर्बीण म्हटल्यावर आम्हाला वाटलं, आता चंद्राचे खड्डे बघायला मिळणार, शनीची कडी बघायला मिळणार. दाखवलीही त्यांनी, एकदा, सगळ्या गावाला. पण त्यांचा जीव त्यात नव्हता. मला एकदा म्हणाल्या, "शनी काय, कुणालाही दिसतो." जणू शनीनं काहीतरी उथळपणा केला होता. बाईंना जो हवा होता तो कुणालाच दिसत नसे.

सारथी नावाच्या तारकासमूहात एक फिकट तारा आहे. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. त्या ताऱ्याभोवती आपल्या गुरूपेक्षाही मोठा एक ग्रह फिरतो, आणि तो इतक्या जवळून फिरतो की त्याची एक फेरी सव्वीस तासांत पूर्ण होते. आपलं वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं, त्याचं एका दिवसाहून जरा जास्त. एवढ्या जवळ असल्यामुळे तो अडीच हजार अंशांपर्यंत तापलेला आहे. लोखंड तिथं नुसतं वितळणार नाही, भट्टीतल्यापेक्षाही पातळ होऊन वाहील. हे सगळं मला बाईंनी स्टँडवर सांगितलं आणि पुढं म्हणाल्या, "बघा, ह्याला आपण उकडतंय म्हणू शकतो."

मुलांना त्यांनी तो ग्रह गणितातून शिकवला. तेरा वर्षांची मुलगी त्या ग्रहावर किती वर्षांची, हे काढायला लावलं. उत्तर चार हजार तीनशेच्या वर आलं. पुढचा आठवडाभर मुली एकमेकींना आज्जे म्हणत होत्या, आणि एका पालकानं येऊन तक्रार केली की पोरगी घरात भांडी घासत नाही, वय सांगते.

मला त्यांनी एकदा गच्चीवर बोलावलं. "जेवून या, कानटोपी आणा, आणि मध्ये बोलू नका," एवढ्या सूचना. मी खाली बबनकडं मुक्काम ठरवून गेलो. मनात होतं, आज आपण दुसऱ्या सूर्याचा ग्रह बघणार. उद्या वर्गात सांगता येईल. दुर्बिणीला डोळा लावायला गेलो तर तिथं डोळ्याच्या जागी कॅमेरा बसवलेला. कॅमेऱ्याची वायर शाळेनं मोडीत काढलेल्या एका जुन्या संगणकाला. पडद्यावर ठिपके. दर मिनिटाला एक फोटो निघायचा आणि ताऱ्याच्या उजेडाचा एक ठिपका रांगेत पुढं पडायचा. दोन तास मी ते ठिपके पाहिले. मग ठिपक्यांची रांग हळूहळू खाली उतरायला लागली. केसाएवढी.

"आला," बाई म्हणाल्या.

"कुठं?"

"ताऱ्याच्या पुढ्यात. त्यानं उजेड अडवला. शंभरातला दीड भाग."

"पण दिसला कुठं?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि त्या पुन्हा पडद्याकडं वळल्या. तेवढ्यात बबन पारठे खालून चहा घेऊन आला. त्याला हे सगळं तोंडपाठ होतं. माझ्याजवळ बसून तो म्हणाला, "सर, म्या बी पैल्यांदा आसंच इचारलं हुतं. ह्ये आसं हाय, की त्यो ग्रह सूर्याला लई चिकटून ऱ्हातो. बाकीचे ग्रह कसे लांब, आपापलं घर करून. ह्यो तितंच. म्हून आमी त्याला घरजावई म्हंतो."

"तुम्ही म्हणता," बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मी म्हणत नाही."

पण पुढच्याच आठवड्यात स्टँडवर मला म्हणाल्या, "उद्या घरजावई येणार, आभाळ नीट राहिलं तर." बोलून गेल्यावर लक्षात आलं, तेव्हा वहीत तोंड घातलं.

तर त्यांचं काम हे असं: घरजावई ताऱ्यासमोर किती वाजता येतो आणि किती वाजता जातो, तेवढं मोजून ठेवायचं. जगभरात असे वेळा मोजणारे हौशी लोक आहेत. मोठ्या दुर्बिणींना रोज ह्या एका ग्रहाकडं बघायला सवड नसते, म्हणून शास्त्रज्ञ त्यांचे आकडे घेतात. अशा एका परदेशी गटाला बाई दर हिवाळ्याअखेर आकडे पाठवायच्या. पावसाळ्यात चार महिने आभाळच नसायचं. तेव्हा बाई फारच चिडचिड्या व्हायच्या आणि वर्गातल्या मुलांची बेरीज चुकली तरी ढगांवर घसरायच्या. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यामुळे काम बंद. त्यामुळे दर पौर्णिमेला त्या घरी खीर करून सगळ्या शिक्षकखोलीला आणायच्या, आणि ती खीर इतकी चांगली असायची की महिन्यातून दोन पौर्णिमा असाव्यात असं आम्हाला वाटायचं.

एका हिवाळ्यात ग्रामपंचायतीनं गावात नवे पांढरे दिवे लावले. त्यातला एक नेमका बबनच्या घरासमोर आला. बाईंची गच्ची लग्नाच्या मांडवासारखी उजळली. बाईंनी ग्रामसभेत अर्ज दिला. सभेला मीही होतो, कारण अर्ज मी लिहिला होता. सरपंचांनी वाचला आणि विचारलं, "म्हंजी आमी अंधारात ऱ्हायाचं?" मागून एक आजी उठल्या. म्हणाल्या, "गेल्या साली त्याच वळणावर माज्या सुनंला फुरसं चावलं. तुमच्या ग्रहासाटी दिवा काडायचा का?"

मला वाटलं, आता बाई वाद घालणार. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. दिवा राहू दे." आणि बसल्या. मी लिहिलेला दोन पानी अर्ज तिथंच संपला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बबनला तेलाच्या डब्याचा पत्रा कापायला लावला. दिव्याच्या वर त्याचं टोपरं बसवलं, आतून पांढरा रंग दिला. वर जाणारा सगळा उजेड खाली रस्त्यावर पडायला लागला. गच्चीवर अंधार झाला आणि वळणावर पहिल्यापेक्षा जास्त दिसायला लागलं. किती जास्त, ते अर्थातच बाईंनी मोजलं. महिन्याभरात गावातल्या बाकीच्या दिव्यांनाही टोपरी बसली, आणि फुरसं चावलेल्या सुनेची सासू बाईंना वालाच्या शेंगा पाठवायला लागली.

ह्यापुढची हकिकत सांगताना मला थोडी लाज वाटते, कारण तिच्यात माझाही हात आहे.

त्यानंतरच्या वर्षी दिवाळी झाल्यावर बाईंनी मोजायला सुरुवात केली तेव्हा घरजावई दोन मिनिटं लवकर आला. डिसेंबरात चार मिनिटं लवकर. संक्रांतीला सहा. बाईंचं बोलणं कमी झालं. एसटीची वेळ लिहायची राहायला लागली, तेव्हा मी विचारलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तो लवकर येतोय. दर वेळी आणखी लवकर. म्हणजे त्याची फेरी लहान होतेय. म्हणजे तो आत आत सरकतोय. ताऱ्यात पडायला निघालाय."

"कधी पडेल?"

"हाच वेग राहिला तर आपल्या हयातीत."

मी मराठीचा शिक्षक. असं वाक्य ऐकून मी गप्प बसणं शक्य नव्हतं. बाई "अजून थांबा" म्हणत होत्या, तरी मी तालुक्याच्या साप्ताहिकाला बातमी लिहून दिली. 'हिर्डोशीच्या शिक्षिकेने पाहिला बुडता ग्रह'. खाली 'तप्त', 'अतिविराट', 'मृत्युपंथ' असे माझ्या ठेवणीतले सगळे शब्द. बातमी मुख्याध्यापकांनी वाचली, संस्थेच्या अध्यक्षांनी वाचली, आणि शिमग्यानंतरच्या रविवारी भोरच्या एका मंगल कार्यालयात बाईंचा सत्कार ठरला. तोवर घरजावई नऊ मिनिटं लवकर यायला लागला होता. बाईंनी सगळे आकडे त्या परदेशी गटाला पाठवले होते आणि त्या उत्तराची वाट पाहत होत्या.

रविवारी सकाळी दहाला कार्यालय भरलं होतं. शाळेची मुलं, पालक, हिर्डोशीहून टेम्पो करून आलेली माणसं, पुढच्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बबन पारठे. बाईंचे यजमान थर्मास घेऊन कोपऱ्यात उभे. बाई मला व्यासपीठाच्या मागं घेऊन गेल्या.

"सर, तुमच्या बातमीत चूक आहे."

"शुद्धलेखनाची?"

"नाही. शुद्धलेखन तेवढं बरोबर आहे."

शुक्रवारी उत्तर आलं होतं. त्या लोकांनी सभ्यपणे लिहिलं होतं की बाकी कुणालाच ग्रह लवकर आलेला दिसत नाही. इतक्या वेगानं सरकत असता तर तो केव्हाच ताऱ्यात पडून गेला असता. कृपया आपलं घड्याळ तपासा. बाई शनिवारी हिर्डोशीला गेल्या आणि त्यांनी संगणक उघडला. आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, संगणक बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. ती मरायला टेकली होती. घड्याळ दर आठवड्याला थोडं थोडं मागं पडत होतं. इंटरनेट असतं तर ते आपोआप दुरुस्त झालं असतं. पण हिर्डोशीला डोंगरामुळे मोबाईलला रेंज येईल तेव्हा इंटरनेट. ग्रह वेळेवरच येत होता.

मी त्यांना विनवलं. "बाई, आज सत्कार घ्या. पुढच्या आठवड्यात मी खुलासा लिहितो. छोटा, आतल्या पानावर. कुणाला कळणारही नाही."

"पुढच्या आठवड्यापर्यंत पोरं ते पाठ करतील," बाई म्हणाल्या.

शाल घालायला अध्यक्ष उठले तेव्हा बाई माईकपाशी गेल्या. कागद नव्हता. त्या म्हणाल्या, "ग्रह बुडत नाही. माझं घड्याळ मागं होतं. नऊ मिनिटं. ज्या वेगानं तो सरकतोय असं मी म्हणत होते, तो वेग शक्यच नाही, हे मला ठाऊक होतं. मी गणित शिकवते. पण मला तो आकडा आवडला होता. आकडा आवडला की माणूस तपासायचा थांबतो. मुलांनो, तुम्ही बातमी कापून वहीत चिकटवली असेल तर तिच्याखाली लिहा, चूक, आणि पुढं माझं नाव लिहा."

कार्यालयात कुणालाच काय करावं कळेना. टाळ्या वाजवाव्या तर कशाच्या? मुख्याध्यापकांचा चेहरा मी पाहिला आणि पुन्हा पाहिला नाही. अध्यक्ष हातात शाल धरून तसेच उभे होते. शेवटी बबन पारठे जागेवरूनच म्हणाला, "मंग त्यो जित्ता हाय न्हवं?"

"आहे," बाई म्हणाल्या.

"मंग झालं तर," असं म्हणून त्यानं टाळ्या वाजवल्या, आणि टेम्पोतून आलेल्या माणसांनी वाजवल्या. शाल बाईंनी घेतली नाही. नारळ मात्र पिशवीत टाकला. "नारळाचा ह्यात काही दोष नाही," असं मला जाताना म्हणाल्या. पण घराकडं यजमानांच्या मागं चालताना त्यांनी दोनदा पदरानं डोळे पुसले, ते मी पाहिलं. मी त्यांना गाठलं नाही. बातमी माझी होती.

मे महिन्याच्या सुट्टीत त्यांचा निरोप आला, "वेळ असेल तर हिर्डोशीला या. वाचायला माणूस पाहिजे." गेलो. त्यांच्याजवळ एक दुसरी वही होती. दर वेळी काम सुरू करताना आणि संपवताना त्यांनी मोबाईलवरची वेळ हातानं त्या वहीत लिहिली होती, सवयीप्रमाणे सेकंदासकट. संगणकातल्या फायलींवर संगणकाची वेळ होती. हे दोन्ही आकडे त्यांनी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते, एवढीच त्यांची चूक. आता एकातून दुसरा वजा केला की त्या त्या दिवशी घड्याळ किती मागं होतं ते मिळत होतं. चार दिवस मी वहीतले आकडे वाचत होतो आणि बाई उतरवून घेत होत्या. मी एकदा कंटाळून "सात वाजून बेचाळीस" एवढंच वाचलं, तर "आणि?" म्हणून थांबल्या. सेकंद सांगेपर्यंत पेन हललं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या वेळा जागेवर आल्या. घरजावई त्या हिवाळ्यात एकदाही अर्ध्या मिनिटाहून जास्त चुकला नव्हता. बाईंनी ते आकडे पाठवले आणि सोबत आपल्या चुकीची सगळी हकिकत. आठ-दहा महिन्यांनी त्या गटाचा निबंध प्रसिद्ध झाला. तो ग्रह खरोखरच आत सरकतोय, पण वर्षाला सेकंदाच्या अगदी लहान तुकड्याएवढा, आणि ते ठरवायला अनेक देशांतल्या अनेक लोकांच्या वेळा लागल्या होत्या. लेखकांच्या लांबलचक यादीत बाईंचं नाव होतं. त्यात गायकवाडच्या इंग्रजी स्पेलिंगात एक 'ए' जास्त पडला होता. मी म्हटलं, "आता तरी बातमी देऊ का?" बाई म्हणाल्या, "द्या. विशेषणं मला आधी दाखवा." त्यांनी सगळी खोडली. बातमी चार ओळींची झाली आणि साप्ताहिकानं ती छापली नाही.

मुख्याध्यापकांनी मात्र त्या रविवारचा राग धरला होता. त्यानंतरच्या जूनमध्ये संस्थेनं बाईंची बदली वेल्ह्याच्या शाळेत केली. भोरहून रोज जाणं-येणं अवघड, मध्ये गाड्या बदलायच्या. मुख्याध्यापकांनी आदेश हातात देताना चेहरा गंभीर ठेवला होता. बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला, घडी केली आणि विचारलं, "वेल्ह्यात रात्री दिवे किती आहेत, काही कल्पना आहे का सर?" मुख्याध्यापकांना नव्हती. यजमानांनी भोरचं घर तसंच ठेवून बदलीचा अर्ज केला. बबननं दुर्बीण स्वतः टेम्पोतून पोचवली, आणि परत आल्यावर दोन दिवस कुणाशी नीट बोलला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दहावीच्या परीक्षेला, पर्यवेक्षक म्हणून वेल्ह्याला गेलो तेव्हा. पेपर सुटल्यावर त्या मला घरी घेऊन गेल्या. चहा झाला. ऊन कलत होतं, त्या मला गच्चीवर घेऊन गेल्या. तिथं घरमालकिणीनं अर्ध्या भागात मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्यात, मेणकापडाखाली, दुर्बीण. बाईंचे केस पुष्कळ पिकले होते. पायात यजमानांचे लोकरी मोजे होते, आतापासूनच.

मी विचारलं, "बाई, इतकी वर्षं झाली. कधी वाटत नाही, एकदा तरी तो प्रत्यक्ष दिसावा?"

त्यांनी थोडा विचार केला. "आमचे वडील वरव्याहून नसरापूरच्या बाजारात भाजी घेऊन जायचे," त्या म्हणाल्या. "परत यायचे तेव्हा अंधार पडलेला असायचा. आम्ही पोरं दारात बसायचो. ते दिसायचे नाहीत. वाटेपलीकडच्या शेजाऱ्यांच्या घरात रॉकेलची चिमणी लागलेली असायची, आणि मध्येच ती झाकली जायची. क्षणभर. की आई उठून पाणी ठेवायची. दिसायची गरज काय?"

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी जिना उतरून रस्त्यावर आलो. एसटी चढाला लागली तेव्हा खिडकीतून खाली गच्ची दिसत होती. बाईंनी मेणकापड काढलं होतं, आणि कमरेवर हात ठेवून त्या आभाळाकडं पाहत उभ्या होत्या. अजून पुरता उजेड होता, एकही तारा नव्हता. मी हात केला. त्यांनी पाहिलं नाही. एक मांजर मिरच्यांवरून चालत त्यांच्याकडं येत होतं, आणि त्या मागं न बघता एका मोज्यातल्या पायानं त्याला हळूच बाजूला सारत होत्या.